पिवळीचा पहारा

मासा चावला. तसा चावा म्हणण्यासारखा तो नव्हताच. अर्ध्या बोटाएवढा जीव, त्याचे दात असून नसल्यासारखे; आणि दातांच्या बाबतीत ह्या माणसाला कुणी शिकवायला येऊ नये, कारण उभी हयात त्यानं दातांच्या लॅबमध्ये बसून परक्यांच्या कवळ्या घडवण्यात घालवली होती. तरी बोटाच्या पेरावर ते इवलंसं आपटणं झालं आणि कोपरापर्यंत बुडवलेला हात त्यानं असा काही झटक्यात बाहेर ओढला, की पाणी शर्टावर आलं, फरशीवर आलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवरही गेलं. साठीकडे झुकलेल्या माणसानं एवढ्याशा माशाला दचकावं, याचं खरं तर हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. टाकीत, कोऱ्या चहाच्या रंगाच्या पाण्यात, तळाशी पालथ्या घातलेल्या करवंटीच्या दारात ती मादी कल्ले फुगवून उभी होती. एरवी मळकट, राखाडी, असून नसल्यासारखी. आज हळदीसारखी पिवळीधमक, अंगावर ठळक काळे डाग. ती त्याच्याकडे बघत होती. मासे आपल्याकडे बघतात असं म्हणणं खुळेपणाचं, हे त्याला ठाऊक होतं. पण ती बघत होती, आणि त्या बघण्यात ओळखीचा मागमूस नव्हता.

एरवी हे काम तो डोळे मिटून करायचा. बुटक्या सिक्लिड माशांची ही जात अंडी घालते ती एखाद्या ढोलीच्या छताला, आतून, उलटी चिकटवून. त्याच्या टाकीत ढोलीच्या जागी नारळाची अर्धी करवंटी होती. लॅबमधल्या बारीक ड्रिलनं त्यानं तिला दार कोरलं होतं आणि कडा अशा घासल्या होत्या, की कुणाच्या तोंडात बसवली असती तरी टोचली नसती. दाराशी दात तपासायचा लांब दांड्याचा आरसा धरला की छतावरची अंडी दिसत: लालसर गुलाबी, कवळीच्या हिरड्यांना तो द्यायचा साधारण त्याच रंगाची. ती दिसली की करवंटी अलगद उचलायची, पाण्यातल्या पाण्यात बरणीत सरकवायची, बरणीत हवेची नळी सोडायची, बुरशी धरू नये म्हणून निळ्या औषधाचा थेंब टाकायचा. तिथून पुढं सगळं त्याच्या हातात. अगदी पहिल्या खेपेला त्यानं अंडी आईजवळ राहू दिली होती, आणि सकाळी छत धुतल्यासारखं स्वच्छ. तिनंच खाल्ली होती. रंगीत माशांचा दुकानदार म्हणाला होता, "पहिलटकरणी असंच करतात. शिकेल पुढच्या वेळी." पण पुढच्या वेळी ह्याला धीर धरवला नाही. तिला शिकायला सवड द्यायची म्हणजे पन्नास-साठ जीव पणाला लावायचे, आणि आपल्याला इतकं नीट जमतंय तर तिच्या भरवशावर कशाला राहायचं? तेव्हापासून प्रत्येक खेप त्यानं उचलली होती. ती थोडा वेळ रिकाम्या जागेभोवती फिरायची, मग रंग उतरायचा, मग पुन्हा राखाडी होऊन मुकाट खायला यायची. त्याला वाटायचं, चला, विसरली. आज तिनं पहिल्यांदाच हात अडवला होता.

"काय झालं?" आतून बायकोनं विचारलं. ती बॅग भरत होती.

"काही नाही. चावली."

"कोण?"

"पिवळी."

"शाबास," बायको म्हणाली, आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

हात घालताना त्याचं लक्ष माशात नव्हतंच, हे तितकंच खरं. ते अडकलं होतं सकाळच्या चहात. मुलगी बाळंत झाली होती, दुसऱ्या गावी, तिच्या स्वतःच्या घरी. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, आणि कालच हॉस्पिटलमधून घरी आल्या होत्या. त्यानं कधीचीच रजा टाकून ठेवली होती. त्याची बॅग बायकोच्या आधी भरून दारामागं उभी होती. तिच्यात पाण्याचा थर्मामीटर होता, स्क्रूड्रायव्हरचा संच होता, घासकागद होता. बायकोनं कप पुढं सरकवत म्हटलं होतं, "रात्री बोलले मी तिच्याशी. ती म्हणाली, आई, तू लगेच ये. बाबांना म्हणावं, तुम्ही थोड्या दिवसांनी या."

"थोड्या म्हणजे किती?"

"ते नाही बोलली."

"पण का?"

"तुम्हाला खरंच कळत नाही?"

"नाही."

"मग विचार करा. वेळ आहेच आता," असं म्हणून तिनं बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. दुखवायचं नव्हतं तिला. तिचं हे असंच. बोलणं सरळ, आणि बोलून झाल्यावर बशी जवळ. निघताना दारात तिनं त्याच्या शर्टाचा ओला झालेला भाग बोटांनी चाचपला. "बदला हा. दूध उतू घालवू नका. आणि तिला तासातासाला फोन करत बसू नका, मीच करत जाईन." टॅक्सीचा दरवाजा लागला. तो वर आला, शर्ट बदलला, आणि टाकीपुढं उभा राहिला. करवंटी जागेवरच होती. बरणी ओट्यावर भरून तयार होती. पुन्हा हात घालायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. त्यानं बरणीतलं पाणी मोरीत ओतलं आणि रजा रद्द करायला लॅबमध्ये गेला. का ओतलं, हे त्याला वाटेवरही सांगता आलं नसतं.

लॅबमध्ये सगळ्यांनी हात मिळवले. "आजोबा अजून इथंच?" कुणीतरी विचारलं, आणि तो म्हणाला, "अंडी घातलीत ना माशानं. टाकी सोडून कसा जाऊ?" हे खरं होतं आणि खोटंही होतं, आणि त्याच्या तोंडून ते इतकं सहज गेलं की त्यालाच लाज वाटली. समोर प्लास्टरचे साचे मांडलेले होते: अनोळखी माणसांचे जबडे, वरचे आणि खालचे. त्यानं मेण तापवलं. हाताला काम लागलं की त्याचं डोकं शांत होई, हा वर्षानुवर्षांचा अनुभव. आज हात चालले आणि डोकं भलतीकडे गेलं. मुलीचा वरचा डावा सुळा. लहानपणी तो शेजारच्या दातावर चढून आला होता, हसली की आधी तो दिसायचा. घरात दातांचा कारागीर असताना पोरीचा दात वाकडा राहतो म्हणजे काय? त्यानं स्वतःच्या हातानं तिला प्लेट करून दिली, गुलाबी, तारेची, नखाएवढ्या फुलाची नक्षी घातलेली. दर रविवारी खिडकीपाशी खुर्ची ठेवून तिला आ करायला लावायचं आणि तार एक केसभर आवळायची. ती बोलताना तोतरी व्हायची. शाळेत प्लेट काढून कंपासपेटीत ठेवायची, हे त्यानं तारेवरच्या शाईवरून ओळखलं होतं आणि रागावला होता, फार नाही, पण रागावला होता. दोन वर्षांत दात सुतासारखा सरळ झाला. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम होतं. मग ती शिकायला बाहेर गेली, वसतिगृहात राहिली, प्लेट घालायची सोडली. पहिल्या सुट्टीला घरी आली, कशावर तरी खळखळून हसली, आणि त्याला दिसलं की दात परत आपल्या जागी गेलाय. त्याला दिसलं हे तिलाही दिसलं. लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो सुळा आहे. इतकी वर्षं आपण त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, हा त्याला स्वतःचा फार मोठा संयम वाटायचा. एवढ्या संयमाची कुणीतरी कधीतरी दखल घ्यावी, असंही वाटायचं.

आणि मग पाळणा. मेणाची सुरी हातात तशीच राहिली. दोन-तीन महिन्यांपूर्वी दोघं तिच्याकडे गेले होते. खोक्यातून सुटे भाग येतात तसला पाळणा तिनं आणला होता आणि स्वतः जोडला होता, वाढलेलं पोट सांभाळत जमिनीवर बसून, नवऱ्याला हात लावू न देता. पाळणा जरासा डुगडुगत होता. एक पाय उलटा बसला होता, त्याच्या नजरेला ते उंबऱ्यातूनच दिसलं. ती डॉक्टरकडे गेली तेवढ्या वेळात त्यानं पाळणा सगळा खोलला, पुन्हा जोडला, कडा घासल्या, स्क्रूंना मेण लावलं. ती परत आली, दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहिली. म्हणाली, "ते मी लावलं होतं, बाबा." हा म्हणाला, "हो, पण एक पाय उलटा होता." ती म्हणाली, "माहीत होतं मला. उद्या बदलणार होते." मग तिनं विचारलं, चहा घेणार का. त्यानं घेतला. विषय संपला, असं तो धरून चालला होता. आत्ता, कुणा परक्याच्या खालच्या जबड्यापुढं बसून, त्याला तो चहा आठवला. ती चहा विचारते तेव्हा ती रागावलेली असते, हे बायकोला पूर्वीपासून माहीत होतं आणि त्याला आज, इतक्या उशिरा कळत होतं. कळलं म्हणून बरं वाटलं असं नाही. उलट संताप आला. मी काय वाईट केलं? डुगडुगता पाळणा तसाच सोडायला हवा होता? पोरगी माझी, हात माझे. अपमान वाटला त्याला, सरळ सरळ अपमान. आणि त्या अपमानाच्या बुडाशी आणखी काहीतरी गार गार होतं. उद्या तिला आपली गरजच पडली नाही, तर तिच्या घरी आपण कोण? पाहुणे?

घरी आल्यावर दिवा न लावता त्यानं आधी आरसा पाण्यात धरला. अंडी होती. पिवळी त्यांच्याखाली उलटी होऊन पंखांनी वारा घालत होती, जशी काही इतके दिवस दुसरं काहीच करत नव्हती. टाकीच्या दुसऱ्या टोकाला नर होता. निळसर सोनेरी, शेपटीला झालर, मादीच्या दुप्पट अंगाचा. दिवसभर हद्दीवरून मिरवायचा आणि कामाच्या नावानं शून्य, म्हणून बायकोनं त्याचं नाव 'मुकादम' ठेवलं होतं. मुकादम सहज म्हणून करवंटीच्या बाजूला वळला आणि पिवळी दारातून गोळीसारखी सुटली. त्याला कोपऱ्यात दाबून तिनं त्याच्या शेपटीची झालर फाडली. हे नेहमीचंच आहे, अशा वेळी नर काढून टाकावा, असं सगळीकडे सांगतात. त्यानंही जाळीनं मुकादमला उचलून स्वयंपाकघरातल्या छोट्या टाकीत टाकलं. मुकादम तिथं काचेला नाक लावून राहिला, बिचारा. ह्याच्या मनात येऊ पाहणारा विचार ह्यानं मुळातच खुडला. माशांवरून संसाराचे धडे काढणाऱ्या लोकांचा त्याला मनस्वी कंटाळा होता. मासा म्हणजे मासा.

बायकोचे फोन येत. बाळ झोपतं, बाळ दूध ओढतं, जावई रात्री उठतो, भला माणूस आहे. "तुमचं काय?" ती विचारी. तो म्हणे, "अंडी आहेत अजून." "खाल्ली नाहीत?" "नाही." "तुम्ही काढली नाहीत?" "नाही." मग ती म्हणे, "जेवा वेळेवर." मुलगी फोनवर येत नसे. आवाज येई तिचा मागून, कुणाशी तरी हळू बोलताना, बहुधा बाळाशीच; तो आवाज त्यानं पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्या आवाजाला त्याच्याकडून काहीच नको होतं. फोन ठेवल्यावर तो थोडा वेळ घरभर फिरे, दाराची एखादी घट्टच असलेली मूठ घट्ट करी, चांगल्या चालणाऱ्या घड्याळाची धूळ पुसे, आणि शेवटी स्टूल ओढून टाकीपुढं बसे.

आठवड्याभरात पिल्लं बाहेर आली. पापणीच्या केसाचा तुकडा असावा एवढी. पिवळी पुढं, मागं तो धुरासारखा थवा, तळाशी पसरलेल्या वाळक्या पानांवरून हळूहळू चरत चाललेला. आणि मग त्यानं ते पाहिलं. स्वयंपाकघरात भांडं पडलं की काय झालं, पिवळीनं अंग एकदाच झटकलं, आणि सगळीच्या सगळी पिल्लं एका क्षणात खाली बसली. पानांवर पडली, निश्चल, दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा अंग वेगळ्या तऱ्हेनं हलवलं, आणि थवा वर आला. तो स्टुलावर पुढं झुकला. कितीतरी खेपा त्यानं बरण्यांमधून वाढवल्या होत्या, शेकडो पिल्लं दुकानात दिली होती, या जातीबद्दल लोक त्याला विचारायला येत. आणि हे त्याला माहीत नव्हतं. बरणीतल्या पिल्लांना कुणी बसा म्हणून सांगितलंच नव्हतं. ती काचेवर नळीच्या बुडबुड्यांत चोवीस तास गोल गोल फिरत वाढली होती, आणि त्यालाच तो त्यांचा चपळपणा समजत होता. त्याला वाईट वाटलं. कुणाबद्दल, हे नीटसं ठरवता येईना. पिल्लांबद्दल, पिवळीबद्दल, की काहीच न कळता इतकी वर्षं तरबेज म्हणवून घेतलेल्या स्वतःबद्दल.

पण तेही धड चालेना. दुसऱ्याच दिवशी पिवळी पिल्लं सोडून काचेवर धडका मारायला लागली. काचेत तिला आपलंच पिवळं रूप दिसत होतं. कल्ले फुगवून ती त्याच्यावर तुटून पडे, ते मागं हटत नसे, ती पुन्हा पडे. तोवर मागं थवा विस्कटे, चारदोन पिल्लं फिल्टरच्या तोंडाशी जात आणि नाहीशी होत. त्यानं बाहेरून कागद लावला, तर ती दुसऱ्या काचेवर गेली. तिथं लावला, तर तिसऱ्या. तिच्या ओठावर पांढरा व्रण आला. तो दुकानदाराकडे गेला. दुकानदार एका मुलीला सोनमासा विकण्यात गुंतला होता; मान वर न करता म्हणाला, "दातवाले, तुम्ही कशाला त्या फंदात पडलात? पिल्लं ओढून घ्या नळीनं. बरणीत टाका, झालं. तुमच्याइतकं तिला थोडंच जमणार आहे?"

हे वाक्य त्याला आवडायला हवं होतं. रस्ताभर ते त्याच्याबरोबर चालत आलं, आणि त्याच्या मनाला ते बोचत होतं. घरी येऊन त्यानं नळी काढली, बरणी काढली. हात शिवशिवत होते. पाच मिनिटांचं काम. पिवळी धडका मारतच होती. काय हवंय हिला, असं तो मोठ्यानं म्हणाला. आणि मग, स्वयंपाकघरात पाणी आणायला गेला तेव्हा, त्याला मुकादम दिसला: रंग उडालेला, झालर मिटलेली, हीटरमागं तिरका टेकून उभा. इतके दिवस तो ह्याला दिसतच होता. पण आत्ता कळलं. टाकीत पिवळीनं हाकलावं असं कुणी उरलंच नव्हतं. पहारा द्यायचा तर कुणापासून तरी द्यायला हवा. नाही मिळालं तर ती स्वतःशीच लढत बसणार. पुस्तकात लिहितात तसं करून त्यानं तिच्यावर उपकारच केले होते, नेहमीसारखे.

त्यानं मुकादमला परत टाकीत सोडलं. पिवळी आली, तिनं त्याला एकदा चांगला चोप दिला, टाकीत आडव्या ठेवलेल्या लाकडाच्या पलीकडे हाकलून लावलं. तो गेला. आणि तिथंच राहिला, लाकडाच्या त्या बाजूला, जिथून करवंटी जेमतेम दिसत असेल. हळूहळू त्याचा निळा रंग परतला, आणि तो आपल्या टोकाला येरझाऱ्या घालायला लागला. अधूनमधून त्याचं नाक लाकडाच्या अलीकडे येई, की पिवळी नुसती वळून बघे, की ते नाक मागं जाई. काचेकडे ती पुन्हा फिरकली नाही. थवा निम्म्यावर आला होता, पण होता. धडे काढायचे नाहीत असं ठरवलेलं असूनही तो कितीतरी वेळ मुकादमकडेच बघत बसला. नंतर उठला, हात पुसले आणि मुलीला फोन लावला. बायकोला नाही, मुलीला.

"हं बाबा."

"कशी आहेस?"

"बरी आहे. झोप नाही."

"आणि ती?"

"ती मजेत आहे. तिला काय, दिवसाही झोपता येतं."

खिडकी बंद असते ना, टोपी घालता ना, पाणी कोपरानं बघता ना, असं सगळं त्याच्या तोंडात येऊन उभं राहिलं. त्यानं ते गिळलं. "मी येऊ का?" त्यानं विचारलं. "आलो तर काय करायचं ते तू सांग. नाही सांगितलंस तर बसून राहीन."

"बसून? तुम्ही?"

"हो."

"जमेल?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं.

पलीकडे बाळानं काहीतरी आवाज काढला. मुलगी थांबली, हसली असावी, किंवा नुसता श्वास सोडला असावा, फोनवरून कळत नाही. "आईला काम फार पडतंय," ती म्हणाली. "भांडी घासाल?"

"घासीन."

"मी लावते तशीच लावायची. तुमच्या पद्धतीनं नाही."

"तुझ्याच. आणि मी लॉजवर उतरतो हवं तर. जवळपास असेलच एखादं."

"लॉजवर कशाला, बाबा," ती म्हणाली. मग आवाज जरा मऊ झाला. "हॉलमध्ये झोपा. या."

दारामागची बॅग त्यानं उघडली. स्क्रूड्रायव्हर काढले, घासकागद काढला, थर्मामीटरही काढला. मग टाकीचं काय, हा प्रश्न आला. पिल्लांना रोज बारीक खाणं लागतं, ते तो मिठाच्या पाण्यात किडे उबवून द्यायचा. आता चार-सहा दिवस कोण देणार? दुकानदार येणार नव्हता, आणि आला असता तरी त्यानं बरणीच काढली असती. पानांवर बारीकसारीक कुजकं असतं, पिल्लं त्यावर निभावतात असं म्हणतात. निभावतात का, हे त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं आणखी थोडी वाळकी पानं सोडली, फिल्टरच्या तोंडाला जुन्या मोज्याचा तुकडा बांधला, दिवा आपोआप लागेल-विझेल असं केलं. परत येईन तेव्हा थवा असेल किंवा नुसतं पाणी असेल. दार अर्धं ओढून तो एकदा आत डोकावला, आणि मग त्यानं ते पूर्ण ओढून घेतलं. बसमध्ये दोनदा त्याला वाटलं की परत फिरावं.

दार जावयानं उघडलं. खांद्यावर दूध सांडलेला पंचा, दाढी वाढलेली. घरात पावडरचा आणि उकळत्या पाण्याचा वास होता. तो आत आला, खुर्चीवर बसला, आणि बसल्या बसल्या त्याला दिसलं: पडद्याचा दांडा एका बाजूला कललेला होता, टीपॉयचा एक पाय हलत होता, बाळाच्या कपड्यांची दोरी अशी बांधली होती की अजून दोन कपडे टाकले तर सुटावी. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. बायको स्वयंपाकघरातून आली, त्याला तसं बसलेलं बघून थांबली, आणि जाता जाता त्याच्या कपाळाला हात लावून गेली, ताप-बिप आहे का ते बघायला. त्यानं भांडी घासली. मुलीच्या मांडणीत वाट्या ताटांच्या मागं होत्या, म्हणजे प्रत्येक वाटीसाठी ताटं बाजूला करावी लागायची. त्यानं वाट्या ताटांच्या मागं ठेवल्या. मुलगी आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं. त्यानं ते ढकललं नाही. परत खुर्चीवर येऊन बसला. दुपार तशीच गेली. काही न करता बसणं हे एवढं अंगमेहनतीचं काम असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पाठ भरून आली, मानेला रग लागली. वाईट वाटत होतं आणि नव्हतंही.

ऊन खिडकीतून कलायला लागलं तेव्हा दार उघडलं. मुलगी बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा सुजल्यासारखा, डोळ्यांखाली काळं. हातात गाठोडं. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं त्याच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

"धरा," ती म्हणाली.

त्यानं डावा हात पुढं केला. ही तान्ही असताना हिला तो डाव्या हातावरच घ्यायचा, डोकं कोपरात, पाय तळहाताशी.

"डावा नाही. उजवा. तिला उजव्याच बाजूनं आवडतं."

त्यानं हात बदलला. उजव्या हातानं तो आयुष्यभर काम करत आला होता, त्यावर कधी कुणाला झोपवलं नव्हतं. गाठोडं आलं, गरम, आणि इतकं हलकं की त्याला भीतीच वाटली.

"असं?" त्यानं विचारलं.

"अजून वर. कोपर उचला. हं. आता दुसरा हात खाली, नुसता ठेवा, दाबू नका."

"असा?"

"असा."

बाळानं डोळे न उघडता मोठी जांभई दिली. पूर्ण तोंड दिसलं त्याला. ओल्या गुलाबी हिरड्या, वरच्या आणि खालच्या, आणि एकही दात नाही. तो बघत राहिला. त्या तोंडात त्याला करण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं. आतून काहीतरी सैल झालं आणि डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"रडताय की काय, बाबा?"

"नाही. कोपर दुखतंय."

"मग आणा इकडे," ती म्हणाली आणि हसली, आणि हसताना तो सुळा दिसला.

"राहू दे," तो म्हणाला. "दुखू दे थोडं."